अण्णांचं पाचक

"आवं अण्णा, ह्यांचं अंग पार लाकडावानी झालंय. हात उचलंना, पाय उचलंना. आन् सकाळपास्नं ताप बी भरलाय."

तानूकाकी पिसाळ दुकानाच्या पायरीवर उभी होती. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून सुंठ वस्त्रगाळ करत होते, माझा हात तिथंच थांबला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. ते गादीवर बसून बाळंतशेपेची पुडी बांधत होते. एका बाळंतिणीची आई समोर पिशवी उघडून उभी होती. अण्णांनी मान वर केली नाही. कागदाची एक घडी, दुसरी घडी, दोऱ्याचे तीन वेढे, गाठ. पुडी अशी घट्ट, की वरून खाली टाकली तरी दाणा सांडायचा नाही.

"ताप येणारच वहिनी," ते म्हणाले. "पाच वर्षं त्या गोळ्या पोटात साठल्यात. ती घाण सुटायला लागली की अंग तापतंच. पाचक दुप्पट करा. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, कोमट पाण्यातनं."

"काकी," मी आतून विचारलं, "डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या तर पाच दिस झालं बंद केल्या. अण्णांनीच सांगितलं न्हवं का?"

अण्णांच्या पाचकानं रंगराव पिसाळ बरे होणार नव्हते, आणि त्या दुकानात हे फक्त मला माहीत होतं. कारण त्या पाचकानं अण्णासुद्धा बरे झालेले नव्हते.

याला आता वीस वर्षं होतील. कराडच्या मंडईजवळ आमचं काष्ठौषधीचं दुकान होतं, शेटे यांचं. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, पिंपळी, सोनामुखी. शिवाय स्वयंपाकातलं सगळं, ओवा, हिंग, बडीशेप, सुंठ. गच्चीवर पुदिना वाळवायचं काम माझं. नवरा कोयनानगरला धरणाच्या कचेरीत, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे आठवडाभर घरात आणि दुकानात आम्ही दोघंच, एक सासरा आणि एक सून. भांडायला तिसरं माणूस नाही. त्यामुळे आम्ही दोघंच भांडायचो आणि दोघंच मिटवायचो.

अण्णांचं नाक म्हणजे गावात कौतुकाचा विषय. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ओव्याची चिमूट नाकाशी नेऊन तो कुठला, नवा का जुना, हे सांगायचे. पुढंपुढं त्यांनी एक नवीनच रीत काढली. स्वतः हुंगायच्याऐवजी चिमूट गिऱ्हाइकाच्या नाकापुढं धरायची. "घ्या, वास घ्या. काय वाटतं?" गिऱ्हाईक खूश. मलाही रोज शिकवणी. हिंगाचा खडा आला की पहिला माझ्या तळहातावर. "शालन, सांग बघू." मी सांगायचे, ते मान डोलवायचे. म्हणायचे, "दुकान उद्या तुलाच बघायचंय." मला बाई मूठभर मांस चढायचं. माहेरी मला कुणी शिकवण्याच्या लायकीची समजलं नव्हतं.

आणि जेवणाचं सांगते. सुरुवातीला आमटीत हिंग कमी पडला की हा माणूस पानावरून उठायचा. कोथिंबीर शिळी घातली की ताट सरकवायचा. मी रडून रडून स्वयंपाक शिकले. मग सात-आठ वर्षांत ती तक्रारच बंद झाली. मला वाटलं, माझ्या हाताला चव आली.

पुढं काही वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे घसटायला लागले. पुडीची घडी वाकडी पडू लागली, दोरा सुटू लागला. मी मागं लागून, शेवटी जेवण सोडायची धमकी देऊन त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर कित्तूर म्हणून होते. थोडं बोलायचे, पण नीट विचारायचे.

"पोट साफ होतं का?"

"आमचं दुकानच त्याचं आहे," अण्णा म्हणाले. "पंधरा वर्षं मी रोज रात्री सोनामुखी घेतो."

"पंधरा वर्षं," असं म्हणत डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. "आणि वास? वास येतो ना व्यवस्थित?"

अण्णा हसले. "डॉक्टर, ह्या नाकावर निम्मी मंडई चालते."

मीही हसले. डॉक्टरांनी तेही लिहिलं. मग सांगितलं, कंपवात आहे. हा आजार हाताला दिसायच्या आधी कितीतरी वर्षं आत सुरू झालेला असतो, पुष्कळांचं पोट आधी आळसावतं. पूर्ण जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो. दिवसातून तीनदा, जेवणाच्या आधी, न चुकता, आणि एकदम कधीच बंद करायच्या नाहीत.

अण्णांना त्यातलं एवढंच ऐकू आलं, की आजार पोटातून येतो. रिक्षात बसताना म्हणाले, "मी काय वेगळं सांगत होतो? पोट धरलं की सगळं धरलं." घरी आल्यावर चिठ्ठी गादीखाली सारली. मी बोलायला गेले तर म्हणाले, "शेट्याच्या गादीवर बसून मी डॉक्टरची गोळी गिळली, तर उद्या माझा ओवा कोण घेईल गं? चार पिढ्यांचं नाव आहे." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी पाचक करायला बसले. ओवा, जिरं, बडीशेप, सुंठ, वाळलेला पुदिना, चिमूटभर हिंग, सैंधव आणि सोनामुखी.

महिनाभर मी बघत राहिले. शर्टाची बटणं मी लावून द्यायला लागले. एके दिवशी दुपारी ते मोरीच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले ते राहिलेच. पाय उचलेना. हाक मारायची लाज वाटली म्हणून किती वेळ तसेच उभे होते देव जाणे. मी बघितलं तेव्हा धोतर ओलं झालं होतं. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. त्या दिवशी मी गादीखालची चिठ्ठी काढली.

गोळ्या आणल्या, पिंपळीच्या डब्यात तळाला ठेवल्या. तीन वेळा गोळी छोट्या खलात कुटायची, त्यांच्या पाचकाच्या चमच्यात मिसळायची, कोमट पाण्यात ढवळून पेला हातात द्यायचा. सोनामुखी मुळातच कडू, त्यात काय कळणार आहे, असं मी मनाला सांगितलं. तरी पहिल्या दिवशी त्यांनी एक घोट घेतला आणि थांबले. पेला माझ्यापुढं धरला.

"शालन, वास घे बरं. काही वेगळं वाटतंय?"

मी नाक पेल्याशी नेलं. औषधाचा, दवाखान्यासारखा एक वास त्यात स्पष्ट येत होता.

"नाही अण्णा. सोनामुखी जरा जास्त पडली असेल."

"असं होय," म्हणाले, आणि सगळं पिऊन टाकलं.

तीन आठवड्यांत माणूस मोकळा झाला. बटणं स्वतः लावायला लागले. महिन्यानं पुडी पहिल्यासारखी बसली. तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढं नाचवली, "बघ, बघ! म्हणत होतो का नाही?" मीही लबाड, टाळ्या वाजवल्या. त्यांचा आनंद बघून मला किती बरं वाटलं! आणि मी स्वतःला शाबासकीही दिली. एवढी मोठी गोष्ट एकटीनं, कुणाला न कळता.

मला हे सुचलंच नाही, की औषधाचं दुकान असलेला माणूस गुण आला की गप्प बसत नाही. रंगराव पिसाळ त्यांचे तीस वर्षांचे दोस्त. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर रोज चार वाजता दुकानाच्या बाकावर ठरलेले. त्यांना हाच आजार पाच वर्षं आधीपासून. दिवसाला चार गोळ्या घ्यायचे आणि त्यांनी मळमळतं, तोंडाची चव जाते म्हणून कुरकुरायचे. अण्णा पाचकाची बरणी घेऊन त्यांच्या घरी गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

आणि आता तानूकाकी पायरीवर उभी होती.

"काकी," मी उठून बाहेर आले, "आधी घरी जा. गोळी द्या. आत्ताच्या आत्ता. आणि दवाखान्यात न्या त्यांना."

"शालन!" अण्णांचा आवाज चढला. "गिऱ्हाइकासमोर हे काय चाललंय?"

"असं एकदम बंद करायचं नसतं अण्णा. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं. घेतली मी एक तरी गोळी? हे बघ." त्यांनी उजवा हात पुढं केला. सरळ, स्थिर. "बघा वहिनी. ह्यात कंप दिसतो? दुप्पट पाचक द्या. उद्या संध्याकाळपर्यंत उठून बसतो का नाही रंग्या, बघा."

तानूकाकी त्या हाताकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "पोरी, तुझी माया कळती मला. पर अण्णा सोता बरं झाल्यात की. त्येंच्याकडं बघूनच ह्यांनी गोळ्या टाकल्या. गटारात टाकल्या, माझ्यादेखत." तिनं पदराखालून रिकामी बरणी काढून गादीवर ठेवली. "द्या अण्णा. घाई करा. शेजारची पोरगी बसवून आलीया."

अण्णांनी डब्याचं झाकण काढलं, चमचा आत घातला.

मी सगळं सांगते, लपवत नाही. त्या घडीला माझ्या मनात रंगराव नव्हते. मनात आलं, ही बाळंतिणीची आई ऐकतेय. सुनेनं सासऱ्याच्या औषधात काहीतरी कालवलं, हे संध्याकाळच्या आत मंडईभर होईल. माहेरी कळेल. नवरा काय म्हणेल? अण्णा मला घरात ठेवतील का? एक चमचा बरणीत पडला, दुसरा पडला. वाटलं, काकीच्या मागोमाग जावं, तिच्या घरी गुपचूप सांगावं. पण काकी माझं का ऐकणार होती? तिच्यापुढं तो हात होता. तो हात खोटा ठरल्याशिवाय ती हलणार नव्हती.

मी आत गेले, पिंपळीचा डबा उचलला आणि गादीवर उपडा केला. पिंपळ्या चौफेर उडाल्या. त्यातून गोळ्यांची तीन पाकिटं बाहेर आली.

"अण्णा, तुमच्या पाचकात दिवसातून तीनदा ही गोळी असते. अडीच महिने झाले. मी कुटून घालते."

"अगं बाई!" बाळंतिणीची आई म्हणाली, आणि तिनं पिशवी छातीशी धरली.

अण्णांच्या हातातला चमचा तसाच राहिला. मला वाटलं, आता उठतील आणि मारतील. आजवर बोटही लावलं नव्हतं, पण आज मारतील. त्यांनी चमचा खाली ठेवला. एका पाकिटातून गोळी काढली, दोन बोटांत धरून नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. मी खरं बोलतेय का खोटं, हे तपासताहेत असं मला वाटलं. मग गोळी त्यांनी पाकिटाशेजारी ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "रंग्याला मी मारलं बघा."

"आवं काय बोलताय!" काकीनं हंबरडाच फोडला.

"टोपी दे, शालन. आणि रिक्षाला हाक मार."

दुकान तसंच उघडं टाकून आम्ही निघालो. पिंपळ्या पायाखाली चुरडल्या गेल्या. गोळ्यांची पाकिटं मी कमरेच्या बटव्यात कोंबली. रिक्षात तानूकाकी मध्ये, मी एका कडेला, अण्णा दुसऱ्या. काकी "चल बाबा, चल बाबा" करत रिक्षावाल्याच्या पाठीला हात लावत होती.

रंगराव खाटेवर उताणे पडले होते. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. घामानं उशी भिजलेली. जबडा मिटलेला. दोन्ही हात छातीवर आखडून घेतलेले. मी एक सरळ करायला गेले तर सरळ होईना. ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यापर्यंत तपकिरी ओघळ वाळला होता. सकाळचं पाचक गिळता आलं नव्हतं, ते असं बाहेर आलं होतं. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पाण्यात बुडवलं आणि तो ओघळ पुसला. गळा पुसला, कानामागं पुसलं.

"रंग्या, मी आलोय रे. शिवलिंग."

रंगरावांचे डोळे हलले नाहीत.

चार माणसांनी खाटेसकट उचलून टेम्पोत घातलं. दवाखान्यात डॉक्टर कित्तूरच होते. त्यांनी पापण्या वर केल्या, हात वाकवून बघितले, ताप बघितला. मग चेहरा असा झाला, की मी खाली बघितलं.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"पाच दिस," काकी म्हणाली.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

काकीनं ओठ घट्ट मिटले. एवढं झालं तरी त्या बाईनं अण्णांचं नाव घेतलं नाही. मी पुढं होणार तेवढ्यात अण्णा बोलले.

"मी. शिवलिंग शेटे. माझं काष्ठौषधीचं दुकान आहे."

"ओळखलं मी तुम्हाला." डॉक्टरांनी त्यांच्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय समजायचं ते समजले असावेत. "नाकातून नळी घालून गोळी देतोय. पण उशीर झालाय. ह्यात मूत्रपिंडं जातात, माणूसही जातो. आज आणि उद्या काही सांगता येणार नाही."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी आणि अण्णा एका टोकाला, काकी दुसऱ्या. तिचा मुलगा पुण्याहून निघाला होता. दुपारचे दोन वाजून गेले. अण्णांच्या दुपारच्या गोळीची वेळ टळली होती, आणि तीनच्या सुमाराला त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासायला लागला. मग पंजा हलायला लागला. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

मी बटव्यातून पाकीट काढलं. "अण्णा, घ्या."

"ठेव ते."

"तुम्हीही आता अडीच महिने घेताय. तुमचंही तसंच होईल. मला शिव्या द्या, घराबाहेर काढा, पण गोळी घ्या."

"रंग्याच्या नाकात नळी आहे. त्याच्या घशाखाली उतरू दे, मग बघू माझं."

"हे कसलं व्रत काढलंत?"

"शालन," त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं, "आज तू मला काही पाजू नकोस."

मी पाकीट मुठीत धरून बसले. चार वाजले. चार म्हणजे रंगरावांची बाकावर यायची वेळ. अण्णांचा चेहरा हळूहळू घट्ट होत चालला, पापण्या कमी लवायला लागल्या. पाणी प्यायला उठायचं म्हणाले आणि उठता येईना. दोनदा प्रयत्न केला. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. ते तसेच अर्धे वाकून बाकाची कड धरून राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली. एक माणूस आत मरतोय, एक इथं माझ्या डोळ्यांदेखत आखडतोय, आणि दोघांच्याही मुळाशी मी.

तेव्हा तानूकाकी उठली. विजोड चपलांनी आमच्याकडं आली. माझ्या हातातलं पाकीट घेतलं, गोळी काढली आणि अण्णांच्या पुढ्यात तळहात धरला.

"गिळा ती."

"वहिनी—"

"एक आत पडलाय तेवढा पुरं झाला मला. तुमाला काय वाटलं, तुमी बी आडवं झाला म्हंजी माझं माणूस उठून बसंल? सोंगं करू नगा. गिळा."

अण्णांनी गोळी घेतली. काकीनंच तिच्या तांब्यातलं पाणी दिलं. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली. आपल्या हातानं घेतलेली ती त्यांची पहिली गोळी. काकी परत तिच्या टोकाला जाऊन बसली.

तासाभरानं हात जरा थांबला. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. अण्णा समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "त्या पहिल्या दिवशी मी पेला तुझ्यापुढं धरला होता. आठवतं?"

"आठवतं."

"जिभेला काहीतरी वेगळं लागलं होतं. कशाचं ते कळेना. म्हणून तुला विचारलं."

"तुमच्या नाकाला वास आला असेल अण्णा. मला वाटलंच होतं, तुम्हाला कळलं म्हणून."

"नाक!" ते हसले, पण हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. "मला वास येत नाही, शालन. सात वर्षं झाली. हिंगाचा नाही, ओव्याचा नाही, कशाचाच नाही."

मला आधी कळेचना. मग एकेक करून सगळं आठवायला लागलं. गिऱ्हाइकाच्या नाकापुढं धरलेल्या चिमट्या. माझ्या तळहातावरचा हिंगाचा खडा. "सांग बघू." आणि माझी आमटी. सात वर्षं मी ज्या आमटीच्या जोरावर मिरवत होते ती आमटी.

"मग मला रोज शिकवत होता ते?"

"शिकवत कसला होतो? विचारत होतो. तू जे सांगशील ते खरं धरून मी माल घेत होतो आणि विकत होतो. कुणाला कळू दिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तर त्यांनाही खोटं सांगितलं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सात वर्षांत तू एकदाही चुकली नाहीस. म्हणून त्या दिवशी तू नाही म्हणालीस, आणि मी पिऊन टाकलं."

मी त्यांच्या पायाशी वाकले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

"मी बरा झालो असतो का गं, तू कुटून घातली नसतीस तर?"

"नाही, अण्णा."

"आणि रंग्या पडला असता का?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. बाकाची कड धरून उठले आणि रंगरावांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

रंगराव वाचले. तिसऱ्या दिवशी पापणी हलली, आठव्या दिवशी त्यांनी चहा मागितला. डॉक्टर कित्तूरांनी घरी सोडताना अण्णांना बाजूला घेतलं. म्हणाले, तुमचं पाचक मुळात वाईट नाही, पोट साफ राहिलं तर गोळी अंगाला लागते. फक्त ते गोळीच्या शेजारी ठेवा, तिच्या जागी ठेवू नका. रंगराव पुढं चार वर्षं जगले, काठी घेऊन अंगणापर्यंत चालायचे. दुकानाच्या बाकावर मात्र पुन्हा आले नाहीत. अण्णाच रोज चार वाजता त्यांच्याकडं जायला लागले. काकी दोघांना दोन पेले पाणी आणि दोन गोळ्या आणून द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

मंडईत व्हायचा तो बोभाटा झालाच. "शेट्याची सून," एवढं म्हणून बायका एकमेकींकडं बघायच्या. काही गिऱ्हाइकं तुटली. नवरा दोन शनिवार माझ्याशी बोलला नाही. अण्णांनी ना माझी बाजू घेतली, ना मला घालवलं. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गादीवर बसले, तीन गिऱ्हाइकं समोर असताना पाकीट काढलं आणि गोळी घेतली.

"काय अण्णा, तुम्हीसुद्धा?" एकानं विचारलं.

"होय. मलासुद्धा," म्हणाले. "आणि ओवा पाव किलो ना?"

त्याच दिवशी दुपारी हिंगाचा माल आला. व्यापाऱ्यानं डबा उघडला. अण्णांनी खडा उचलला, नेहमीसारखा माझ्या तळहातावर ठेवला. मी वास घेतला.

"चांगला आहे, अण्णा."

आधी ते लगेच मान डोलवायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "खरं?"

"खरं."

मग माल घेतला.

त्यानंतर ते नऊ वर्षं होते. प्रत्येक खड्याला, प्रत्येक चिमटीला, माझ्या हातच्या पाण्याच्या पेल्यालासुद्धा त्यांनी हे विचारलं. कधी रागानं नाही. पुडी बांधताना दोरा ओढून बघावा तसं, सवयीनं. मला पहिली दोन वर्षं तो शब्द सुईसारखा टोचायचा, मग त्याचीही सवय झाली. शेवटच्या वर्षी त्यांचा आवाज गेला. मी भाताची पेज चमच्यानं भरवायचे, त्यात गोळी कुटून घालावी लागायची, कारण आता गिळवत नव्हती. पहिला चमचा तोंडाशी नेला की ते ओठ मिटून घ्यायचे आणि माझ्याकडं बघून नुसती भुवई वर करायचे.

"पेज आहे, अण्णा," मी म्हणायचे. "थोडं जिरं आहे, हिंग आहे आणि गोळी आहे. खरं."

मग ते तोंड उघडायचे.